खेळाडू ही मालकाची मालमत्ता आहे का, असं विचारत बेसबॉलपटूंची पहिली युनियन उभी करणारा जॉन वॉर्ड

ऑगस्ट १८८७. अमेरिकेतल्या 'लिपिन्कॉट्स' या प्रतिष्ठित मासिकात एक लेख छापून आला. लेखाचं शीर्षकच प्रश्नार्थक होतं. बेसबॉलचा खेळाडू म्हणजे मालकाची जंगम मालमत्ता आहे का, असा तो प्रश्न. शीर्षकात वापरलेला इंग्रजी शब्द अमेरिकेत गुलामांसाठी वापरला जायचा. गुलामगिरी कायद्याने संपून जेमतेम बावीस वर्षं झाली होती, त्यामुळे तो शब्द कुठे लागणार हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

लिहिणारा कुणी पुढारी नव्हता, प्राध्यापकही नव्हता. तो होता न्यूयॉर्क जायंट्स संघाचा शॉर्टस्टॉप. वय वर्षं २७. त्याच सीझनमध्ये त्याने १११ बेस चोरून अख्ख्या लीगमध्ये पहिला नंबर मिळवला आणि त्याच वर्षी तो हा लेख लिहून मालकांच्या डोळ्यात खुपायला लागला.

त्याचं नाव जॉन माँटगोमेरी वॉर्ड. खेळाडू, मॅनेजर, वकील आणि युनियनचा अध्यक्ष, हे सगळं तो पस्तिशीच्या आत होऊन गेला. पण त्याने ज्या एका कलमाविरुद्ध लढाई उभारली, ते कलम मोडायला पुढे ८८ वर्षं लागली.

कोंबड्या चोरल्या आणि कॉलेज सुटलं

वॉर्डचा जन्म ३ मार्च १८६० चा, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या बेलफाँट गावचा. तो अकरा वर्षांचा असताना वडील गेले. चौदाव्या वर्षी आईही गेली. आई शिक्षिका होती. पोराने शिकावं म्हणून तिने त्याला तेराव्या वर्षीच पेनसिल्व्हेनिया स्टेट कॉलेजात घातलं होतं. आजची पेन स्टेट युनिव्हर्सिटी ती हीच.

तिथे वॉर्डने पोरांना जमवून बेसबॉलची टीम उभी केली. पण अभ्यासापेक्षा उचापती जास्त. रॅगिंग करायला आलेल्या सीनियरशी मारामारी झाली, मग कोंबड्या चोरण्याचं एक प्रकरण अंगाशी आलं आणि कॉलेजने त्याला घरी पाठवलं. घरी तर कुणीच उरलं नव्हतं.

फिरता विक्रेता म्हणून त्याने नशीब आजमावलं, ते काही जमलं नाही. हाताशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे बॉल फेकणं. छोट्या गावांच्या संघांकडून चार पैसे घेऊन तो खेळायला लागला. अशीच दोनेक वर्षं गेली आणि १८७८ च्या उन्हाळ्यात नॅशनल लीगमधल्या प्रॉव्हिडन्स ग्रेज या संघाने त्याला पिचर म्हणून घेतलं. वय फक्त अठरा.

नॅशनल लीग म्हणजे त्या काळची सगळ्यात मोठी व्यावसायिक स्पर्धा. तिची स्थापना १८७६ ची, म्हणजे लीगलाच दोन वर्षं झाली होती. खेळावर पोट भरता येतं ही कल्पनाच नवी होती.

विसाव्या वर्षी मॅनेजर

क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर पिचर म्हणजे बॉलर. फरक इतकाच की त्या काळी संघात चार-पाच पिचर ठेवायची पद्धत नव्हती. एक-दोन पोरांवर अख्खा सीझन काढायचा. १८७९ मध्ये वॉर्डने ५८७ इनिंग पिचिंग केली. पुढच्या वर्षी ५९५. आज एखाद्या पिचरने सीझनमध्ये २०० इनिंग टाकल्या तरी त्याचं कौतुक होतं.

त्या १८७९ च्या सीझनमध्ये त्याने ४७ सामने जिंकून दिले आणि प्रॉव्हिडन्स चॅम्पियन झालं. तेव्हा तो १९ वर्षांचा होता.

१७ जून १८८० रोजी त्याने आणखी एक पराक्रम केला. बफलोच्या संघाविरुद्ध त्याने 'परफेक्ट गेम' टाकला. म्हणजे समोरचे २७ च्या २७ बॅटर एका मागोमाग एक बाद, एकही जण पहिल्या बेसपर्यंत पोचला नाही. गंमत म्हणजे लीगच्या इतिहासातला पहिला परफेक्ट गेम त्याच्या फक्त पाच दिवस आधी, १२ जूनला, ली रिचमंड या पिचरने टाकला होता. आठवड्याभरात दोन झाले म्हणून लोकांना वाटलं असेल, हे असं होतच राहणार. पण नॅशनल लीगमध्ये तिसरा परफेक्ट गेम बघायला १९६४ साल उजाडावं लागलं.

त्याच १८८० मध्ये सीझनच्या मधल्या काही सामन्यांसाठी प्रॉव्हिडन्सची सूत्रं वॉर्डकडे आली. तो प्लेअर-मॅनेजर झाला. म्हणजे स्वतः मैदानात उतरायचं, शिवाय कोण कुठे खेळणार, डावपेच काय, पोरांना शिस्त कशी लावायची हेही बघायचं. आजचा कॅप्टन आणि कोच एकाच माणसात असावा तसं. त्या काळात अशी माणसं बऱ्याच संघांत होती, पण विशीतल्या पोराच्या हाताखाली त्याच्यापेक्षा मोठी माणसं खेळतायत हे चित्र तेव्हाही वेगळंच होतं.

१७ ऑगस्ट १८८२ ला त्याने डेट्रॉइटविरुद्ध एकट्याने १८ इनिंग टाकल्या. एरवी सामना नऊ इनिंगचा असतो. प्रॉव्हिडन्सने तो सामना १-० असा जिंकला.

उजवा हात गेला, मग डाव्या हाताने

इतकं पिचिंग केल्यावर खांद्याचं जे व्हायचं तेच झालं. १८८३ मध्ये वॉर्ड न्यूयॉर्कच्या संघात गेला तेव्हा त्याच्या फेकीतली जान कमी झाली होती. १८८४ मध्ये बेसवर पळताना उजव्या हाताला दुखापत झाली आणि पिचर म्हणून त्याची कारकीर्द संपल्यात जमा झाली.

दुसरा एखादा तिथेच थांबला असता. वॉर्ड डाव्या हाताने बॉल फेकायला शिकला. त्या सीझनचे उरलेले सामने तो मैदानाच्या मागच्या भागात, सेंटर फिल्डला उभा राहून डाव्या हाताने थ्रो करत खेळला. त्याच सीझनच्या शेवटच्या सामन्यांत न्यूयॉर्कचा मॅनेजरही तोच होता. उजवा हात बरा झाल्यावर तो शॉर्टस्टॉप झाला. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ही जागा. तिथे चपळ पाय आणि तल्लख डोकं दोन्ही लागतं.

आणि डोक्याला तो रिकामं ठेवत नव्हता. सीझन संपला की बाकीचे खेळाडू गावी जायचे, किंवा बारमध्ये बसायचे. वॉर्ड कोलंबिया लॉ स्कूलच्या वर्गात जाऊन बसायचा. कॉलेजमधून काढून टाकलेल्या या पोराने १८८५ मध्ये कायद्याची पदवी मिळवली.

कायदा शिकल्यावर त्याने पहिलं काम काय केलं असेल, तर स्वतःचा करार नीट वाचला.

काय होतं ते कलम?

सप्टेंबर १८७९ मध्ये नॅशनल लीगच्या मालकांनी बफलोला बैठक घेतली. खेळाडू जास्त पगार देणाऱ्या संघाकडे पळतात, त्यामुळे पगार वाढतात आणि नफा घटतो, अशी मालकांची तक्रार होती. त्यावर त्यांनी आपापसात गुपचूप एक तोडगा काढला. प्रत्येक संघाने आपले पाच खेळाडू 'राखीव' ठेवायचे आणि त्या पाच जणांना दुसऱ्या कुठल्याही संघाने हात लावायचा नाही.

यालाच पुढे 'रिझर्व क्लॉज' म्हणायला लागले.

वरवर पाहिलं तर हे आयपीएलमधल्या रिटेन्शनसारखं वाटेल. पण आयपीएलमध्ये ठरावीक काळाने लिलाव होतो, खेळाडूची किंमत नव्याने ठरते. इथे तसं काहीच नव्हतं. करार एका वर्षाचा. वर्ष संपलं की त्याच खेळाडूला पुढच्या वर्षासाठी राखीव ठेवण्याचा हक्क मालकाचा. ते वर्ष संपलं की पुन्हा तेच. मालक देईल तो पगार घ्यायचा, नाहीतर घरी बसायचं. दुसऱ्या संघाकडे जायचं तर आधीच्या मालकाने सोडायला हवं. मालकाला मात्र खेळाडू नकोसा झाला तर तो दहा दिवसांची नोटीस देऊन त्याला काढू शकत होता.

सुरुवातीला पाच जण राखीव असायचे. १८८३ पर्यंत ते अकरा झाले. १८८७ पर्यंत आकडा चौदावर गेला. म्हणजे जवळपास अख्खा संघच बांधला गेला.

त्यात ऑक्टोबर १८८५ मध्ये मालकांनी आणखी एक ठराव केला. कितीही मोठा खेळाडू असो, वर्षाला २,००० डॉलर्सच्या वर पगार नाही.

या ठरावाला आठवडाही उलटला नव्हता. २२ ऑक्टोबर १८८५ रोजी न्यूयॉर्क जायंट्सचे काही खेळाडू एकत्र बसले आणि त्यांनी 'ब्रदरहूड ऑफ प्रोफेशनल बेस बॉल प्लेअर्स' ही संघटना काढली. अध्यक्ष होता वॉर्ड. कुठल्याही खेळातली व्यावसायिक खेळाडूंची ही अगदी सुरुवातीची युनियन. आजारी पडलेल्या खेळाडूला मदत करणं हेही तिचं एक काम होतं. सुरुवातीला सगळं गुपचूप चाललं. वॉर्ड आणि त्याचे सोबती सामन्यांसाठी ज्या गावाला जातील तिथल्या संघातल्या खेळाडूंशी बोलायचे आणि तिथे शाखा उघडायचे.

दहा हजारांचा केली

फेब्रुवारी १८८७ मध्ये एक सौदा झाला आणि वॉर्डच्या म्हणण्याला आयता पुरावा मिळाला. शिकागोने आपला सुपरस्टार माईक केली याला बोस्टनला विकलं. लोक त्याला 'किंग' केली म्हणायचे. किंमत १०,००० डॉलर्स. त्या काळात हा आकडा ऐकून लोकांनी तोंडात बोटं घातली.

हे दहा हजार गेले शिकागोच्या मालकाच्या खिशात. बोस्टनला केलीला खूश ठेवायचं होतं, पण नियमाप्रमाणे २,००० च्या वर पगार देता येत नव्हता. मग त्यांनी पळवाट काढली. पगार २,००० आणि केलीचा फोटो वापरायचे वेगळे ३,०००.

वॉर्डने यावर बोट ठेवलं. जर खेळाडूची किंमत दहा हजार असेल, तर ती किंमत कशाची आहे? त्याच्या खेळाची. मग ती दुसऱ्याच्या खिशात का जाते? आणि एका वर्षाच्या कराराने बांधलेल्या माणसाला मालक विकू कसा शकतो? उत्तर एकच होतं, रिझर्व क्लॉज. ऑगस्टमधल्या त्या लेखात त्याने हे सगळं वकिली पद्धतीने मांडलं आणि या कलमाची तुलना पळालेल्या गुलामाला परत मालकाच्या ताब्यात देणाऱ्या जुन्या कायद्याशी केली.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. वॉर्ड गुलामगिरीचा दाखला देत होता त्याच वर्षांत काळ्या खेळाडूंना व्यावसायिक बेसबॉलमधून बाहेर ढकललं जात होतं. पुढे वॉर्ड आणि त्याच्या सोबत्यांनी स्वतःची लीग काढली तेव्हा तिच्यातही एकही काळा खेळाडू नव्हता. न्यायाची ही लढाई गोऱ्या खेळाडूंपुरतीच होती.

लेखाचा परिणाम मात्र झाला. नोव्हेंबर १८८७ मध्ये मालकांनी वॉर्ड, नेड हॅनलन आणि डॅन ब्रूथर्स या तिघांना बैठकीला बोलावलं. संघटनेला मान्यता मिळाली, कराराचा मसुदा नव्याने लिहिला गेला. रिझर्व क्लॉज तसाच राहिला, पण निदान बोलणी सुरू झाली होती.

याच दिवसांत वॉर्डचं लग्न झालं, हेलन डॉव्हरे या नाट्यअभिनेत्रीशी. ती बेसबॉलची जबरदस्त चाहती होती. त्या काळच्या वर्ल्ड सिरीजमधल्या विजेत्यासाठी तिने स्वतःच्या नावाने कप दिला होता. न्यूयॉर्कच्या पेपरांना आयता मसाला मिळाला. हे लग्न पुढे टिकलं नाही.

टीम पिरॅमिडपाशी, मालक न्यूयॉर्कमध्ये

१८८८ मध्ये जायंट्स चॅम्पियन झाले. सीझन संपल्यावर वॉर्ड जगाच्या सफरीवर निघाला.

या सफरीचा आयोजक होता आल्बर्ट स्पॉल्डिंग. हा माणूस वॉर्डच्या गोष्टीतला दुसरा हिरो म्हणा किंवा व्हिलन. स्पॉल्डिंग स्वतः एकेकाळचा जबरदस्त पिचर. १८७६ मध्ये शिकागोचा प्लेअर-मॅनेजर म्हणून त्याने नॅशनल लीगचं पहिलंवहिलं विजेतेपद जिंकलं होतं. मग खेळ सोडून तो खेळाच्या सामानाच्या धंद्यात पडला आणि शिकागो संघाचा मालकही झाला. केलीला दहा हजारांना विकणारा तो हाच.

बेसबॉल जगभर न्यायचा आणि सोबत आपलं सामानही खपवायचं, असा त्याचा बेत. एक संघ शिकागोचा, दुसरा बाकीच्या संघांतून निवडलेला 'ऑल-अमेरिका'. या दुसऱ्या संघाचा कॅप्टन होता वॉर्ड. नोव्हेंबर १८८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बोट सुटली. हवाई, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया करत जानेवारी १८८९ मध्ये ही मंडळी कोलंबोला पोचली. तिथून इजिप्त. फेब्रुवारीत त्यांनी पिरॅमिडच्या पायथ्याशी वाळूत सामना खेळला आणि स्फिंक्सच्या अंगाखांद्यावर चढून फोटो काढला. पुढे इटली, फ्रान्स आणि इंग्लंड.

युनियनचा अध्यक्ष असा समुद्रापार असताना मालकांनी डाव साधला. त्यांनी खेळाडूंची प्रतवारी ठरवली. 'ए' पासून 'ई' पर्यंत पाच वर्ग. 'ए' ला २,५०० डॉलर्स, मग प्रत्येक पायरीला २५० कमी, 'ई' ला १,५००. वर्ग ठरवताना फक्त खेळ बघायचा नाही, तर मैदानाबाहेरचं वागणंही बघायचं. ही योजना इंडियानापोलिसचे मालक जॉन ब्रश यांची.

सफरीवर असतानाच वॉर्डला आणखी एक बातमी कळली. खुद्द त्यालाच वॉशिंग्टनला विकायची बोलणी चालू होती. त्याने जायला साफ नकार दिला आणि तो सौदा फिसकटला.

मार्च १८८९ मध्ये बाकीच्यांच्या आधी सफर अर्धवट टाकून वॉर्ड न्यूयॉर्कला परतला. त्याने मालकांकडे भेट मागितली. उत्तर आलं की घाई काय आहे, सीझन संपल्यावर बघू.

काही खेळाडूंना लगेच संप हवा होता. वॉर्डने त्यांना थांबवलं. त्याचं डोकं वेगळ्याच दिशेने चाललं होतं. मालक हवेत कशाला? लोक तिकीट काढून येतात ते खेळाडूंना बघायला. मैदान भाड्याने मिळतं, पैसे लावणारे मिळतात. मग आपलीच लीग का नको?

अर्ध्यात खेळाडू, अर्ध्यात गुंतवणूकदार

१८८९ च्या उन्हाळ्यात दिवसा मालकांसाठी खेळायचं आणि रात्री नव्या लीगची जुळवाजुळव करायची, असं चाललं होतं. पहिला मोठा गुंतवणूकदार मिळाला क्लीव्हलंडचा आल्बर्ट जॉन्सन. त्याचा ट्रामचा धंदा होता. सामन्याला गर्दी म्हणजे ट्रामला गर्दी, हे गणित त्याला बरोबर समजलं होतं.

या सगळ्या धावपळीत जायंट्सने पुन्हा चॅम्पियनशिप जिंकली. आणि ४ नोव्हेंबर १८८९ रोजी ब्रदरहूडने जाहीर केलं की आम्ही वेगळे होतोय.

१८९० साठी 'प्लेअर्स लीग' उभी राहिली. आठ शहरं, आठ संघ. रिझर्व क्लॉज नाही, प्रतवारी नाही, खेळाडूच्या संमतीशिवाय त्याला दुसरीकडे पाठवायचं नाही. नफ्यात खेळाडूंचा वाटा. कारभार बघणाऱ्या मंडळात अर्धे प्रतिनिधी खेळाडूंचे आणि अर्धे गुंतवणूकदारांचे. बऱ्याच खेळाडूंनी स्वतःची बचतही शेअर्समध्ये घातली. नॅशनल लीगमधले बहुतेक मोठे खेळाडू इकडे आले. शिकागोचा कॅप्टन कॅप ॲन्सन हा मोठा अपवाद. त्याच्याकडे स्वतःच्या संघाचे शेअर्स होते, तो मालकांकडेच राहिला.

जायंट्सच्या मालकांनी वॉर्डला कोर्टात खेचलं. तुला आम्ही राखीव ठेवलंय, तू दुसरीकडे खेळू शकत नाहीस, असा त्यांचा दावा. जानेवारी १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने मालकांना मनाई हुकूम द्यायला नकार दिला. पुढच्या वर्षीचा पगार किती, अटी काय, हे करारात कुठेच धड लिहिलेलं नव्हतं. शिवाय खेळाडू जन्मभर बांधलेला आणि मालक दहा दिवसांत मोकळा, असा एकतर्फी करार कोर्ट कसा राबवणार? वॉर्ड इतकी वर्षं हेच तर सांगत होता.

वॉर्ड स्वतः ब्रुकलिनच्या संघाचा प्लेअर-मॅनेजर झाला. लोक त्या संघाला 'वॉर्ड्स वंडर्स' म्हणायचे. हा संघ दुसरा आला. पहिला आला बोस्टन, त्याचा प्लेअर-मॅनेजर होता तोच किंग केली.

केलीला फोडायला स्पॉल्डिंगने जंग जंग पछाडलं होतं. स्पॉल्डिंगनेच पुढे सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे त्याने केलीसमोर १०,००० डॉलर्सचा चेक ठेवला. केली बाहेर एक फेरी मारून आला आणि आपल्या पोरांना दगा देता येणार नाही म्हणाला. जाताना मात्र त्याने स्पॉल्डिंगकडून ५०० डॉलर्स उसने मागितले आणि स्पॉल्डिंगने ते दिले.

एका भिंतीपलीकडची दोन मैदानं

नॅशनल लीगने मुद्दाम त्याच शहरांत, त्याच दिवशी सामने लावले. न्यूयॉर्कमध्ये तर दोन्ही लीगची मैदानं एकमेकांना लागून होती. १२ मे १८९० ला नॅशनल लीगच्या सामन्यात माईक टिअर्नन याने असा होम रन मारला की बॉल कुंपणावरून थेट शेजारच्या प्लेअर्स लीगच्या मैदानात पडला. दोन्हीकडच्या प्रेक्षकांनी मिळून टाळ्या वाजवल्या.

पण प्रेक्षक होते तेवढेच, संघ झाले दुप्पट. तिसरी एक लीग आधीपासून होतीच. प्लेअर्स लीगला नॅशनल लीगपेक्षा जास्त प्रेक्षक मिळाले, तरी सगळ्यांनाच तोटा झाला. दोन्ही बाजू पेपरवाल्यांना गर्दीचे फुगवलेले आकडे द्यायच्या. न्यूयॉर्क जायंट्सचं तर दिवाळं निघायची वेळ आली आणि इतर मालकांनी पैसे ओतून त्यांना वाचवलं.

म्हणजे सीझन संपला तेव्हा नॅशनल लीगही गुडघ्यावर आली होती. पण हे कळलं फक्त स्पॉल्डिंगला.

ऑक्टोबरमध्ये प्लेअर्स लीगचे गुंतवणूकदार तडजोडीसाठी त्याच्याकडे गेले. पहिलाच सीझन, अपेक्षेपेक्षा जास्त तोटा, त्यामुळे ते घाबरले होते. त्यांनी आपले तोट्याचे खरे आकडे समोर ठेवले. स्पॉल्डिंगने स्वतःच्या बाजूचे आकडे दाखवलेच नाहीत. पोकर खेळणाऱ्याने चेहरा कोरा ठेवावा तसा तो बसून राहिला आणि त्याने शरणागती मागितली.

वॉर्डला हे कळल्यावर तो हॅनलन आणि आर्थर आयर्विन यांच्यासोबत बैठकीला पोचला. आम्हीही शेअरहोल्डर आहोत, आमचेही पैसे यात आहेत, आम्हाला आत घ्या, असं त्याचं म्हणणं. स्पॉल्डिंग पैसेवाल्यांशीच बोलायला तयार होता. एकेकाळी स्वतः पिचर आणि प्लेअर-मॅनेजर असलेल्या माणसाने दुसऱ्या प्लेअर-मॅनेजरसाठी दार बंद केलं.

मग एकेक गुंतवणूकदार वेगळा गाठला गेला. न्यूयॉर्कवाल्यांनी जायंट्समध्ये विलीन होऊन भागीदारी घेतली. शिकागोचा संघ स्पॉल्डिंगने विकत घेतला. खेळाडूंना विचारलंही नाही. जानेवारी १८९१ मध्ये प्लेअर्स लीग संपली आणि तिच्यासोबत ब्रदरहूडही. खेळाडू परत जुन्या मालकांकडे गेले, जुन्याच कलमाखाली.

वॉर्डची चूक कुठे झाली? मैदानात त्याची लीग हरली नाही, कोर्टातही हरली नाही. पण मालक नकोत म्हणून त्याने ज्यांचे पैसे घेतले, ते शेवटी पैसे लावणारेच होते. पहिला फटका बसल्यावर त्यांना खेळाडूंपेक्षा स्पॉल्डिंग जवळचा वाटला.

पुन्हा त्याच लीगमध्ये

वॉर्ड नॅशनल लीगमध्ये परतला तो ब्रुकलिनचा प्लेअर-मॅनेजर म्हणून. १८९१ मध्ये संघ सहावा होता, १८९२ मध्ये त्याने तो तिसऱ्या नंबरवर आणला. त्या वर्षी बत्तिशीतल्या या मॅनेजरने स्वतः ८८ बेस चोरून पुन्हा लीगमध्ये पहिला नंबर काढला.

१८९३ मध्ये तो जुन्या न्यूयॉर्क जायंट्सचा प्लेअर-मॅनेजर झाला. १८९४ मध्ये जायंट्स दुसरे आले. पहिलं होतं बाल्टिमोर ओरिओल्स, त्या दशकातला सगळ्यात भांडखोर आणि सगळ्यात गाजलेला संघ. पहिल्या दोघांत तेव्हा टेम्पल कप नावाची मालिका व्हायची. वॉर्डच्या पोरांनी बाल्टिमोरला ४-० ने धुतलं. बाल्टिमोरचा मॅनेजर होता नेड हॅनलन. चार वर्षांपूर्वी स्पॉल्डिंगच्या दारावर दोघे सोबत उभे होते.

ती मालिका जिंकून वॉर्ड निवृत्त झाला. वय ३४, आणि पुढे वकिली वाट बघत होती.

पण कलमाने पाठ सोडली नव्हती. निवृत्तीनंतरही न्यूयॉर्कच्या संघाने त्याचं नाव राखीव यादीत ठेवलं होतं. वॉर्डला लीगकडे दाद मागून ते काढून घ्यावं लागलं. पुढे वकील म्हणून त्याने मालकांशी भांडणाऱ्या खेळाडूंची प्रकरणं लढवली.

उतारवयात तो गोल्फकडे वळला आणि हौशी गोल्फरांमध्ये त्याने नाव कमावलं. १९१२ मध्ये काही महिने तो बोस्टनच्या संघाचा अध्यक्ष आणि भागीदार होता, म्हणजे तोही टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून आला. १९१४ मध्ये 'फेडरल लीग' ही नवी बंडखोर लीग निघाली, तेव्हा ब्रुकलिनच्या संघाचा कारभार बघायला तो परत आला. तीही लीग फार टिकली नाही.

४ मार्च १९२५ रोजी जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा इथे न्यूमोनियाने त्याचं निधन झालं. पासष्टावा वाढदिवस होऊन एक दिवस झाला होता.

८८ वर्षांनी

वॉर्डच्या पश्चात ते कलम आणखी पक्कं झालं होतं. फेडरल लीगच्या भांडणातून निघालेला एक खटला १९२२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेला आणि कोर्टाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिली. १९७० मध्ये कर्ट फ्लड या काळ्या खेळाडूने आपल्याला न विचारता दुसऱ्या संघाला दिल्याबद्दल दावा ठोकला. खेळाडू म्हणजे मालमत्ता नाही, हाच त्याचाही मुद्दा. १९७२ मध्ये तो सुप्रीम कोर्टात हरला. त्याची कारकीर्दही त्यातच संपली.

शेवटी डिसेंबर १९७५ मध्ये गाठ सुटली. अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली हे दोन पिचर नव्या करारावर सही न करता एक वर्ष खेळले. मालक करार एका वर्षासाठी वाढवू शकतो असं कलमात लिहिलंय, मग ते एक वर्ष संपलं, आता आम्ही मोकळे, असं त्यांचं म्हणणं. लवाद पीटर साइट्झ यांनी ते मान्य केलं. एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. तिथून बेसबॉलमध्ये 'फ्री एजंट' आले आणि खेळाडूंचे पगार बघता बघता हजारांतून लाखांत आणि लाखांतून कोटींत गेले.

खेळाडू म्हणून वॉर्डचा हिशोब आजही एकमेव आहे. पिचर म्हणून १६४ विजय आणि बॅटर म्हणून २,१०० हून जास्त हिट्स. शंभरावर विजय आणि दोन हजारांवर हिट्स हे दोन्ही आकडे मेजर लीगमध्ये दुसऱ्या कुणालाच जमलेले नाहीत. बेब रूथसुद्धा ९४ विजयांवर थांबला.

एवढं असूनही बेसबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'ने वॉर्डला घेतलं ते १९६४ मध्ये, मृत्यूनंतर ३९ वर्षांनी. त्याच वर्षी जूनमध्ये फिलाडेल्फियाच्या जिम बनिंगने नॅशनल लीगमधला तिसरा परफेक्ट गेम टाकला आणि पेपरवाल्यांना आधीचा कुणी टाकला हे शोधताना ८४ वर्षं मागे जावं लागलं. हा बनिंग पुढे खेळाडूंची नवी युनियन उभी करणाऱ्यांमध्येही होता. १९७५ चा निकाल जिंकला तो त्याच युनियनने.